एका गळीत हंगामानंतर: सायसिग्नल्स आणि माझं कंट्रोल-सी

नोव्हेंबरात एका रात्री कंट्रोल-सी (चालू प्रोग्राम थांबवायची कळ) दाबून दाबून बोटं दुखली, तिथून हे सुरू झालं आणि सायसिग्नल्स या पायथनच्या पॅकेजपर्यंत पोचलं. सकाळी सहाला साखर कारखान्याच्या शेतकी विभागाला तोडणी प्रोग्राम, म्हणजे ऊसतोडीचं वेळापत्रक, हवा होता. कुठल्या गटात किती टोळ्या लावायच्या, आडसाली आधी की पूर्वहंगामी, ट्रॅक्टर किती, हे गणित जीएलपीके ही सी भाषेतली लायब्ररी सोडवते. पायथनमधून ती वापरता यावी म्हणून सायथनमध्ये (पायथन आणि सी जोडणारी भाषा) लिहिलेलं वरचं आवरण, म्हणजे रॅपर, माझं. त्या रात्री वेळेची मर्यादा घालायला विसरलो. दोन वाजता स्क्रीनवर सापडलेलं उत्तर आणि शक्य असलेलं सर्वोत्तम उत्तर यांतला फरक १ टक्क्याच्या आत आलेला दिसत होता. मला तेवढं उत्तर पुष्कळ होतं, पण कंट्रोल-सीने ते गणित काही केल्या थांबेना. शेवटी दुसऱ्या टर्मिनलवरून जबरदस्तीने बंद (किल) केलं आणि तीन तासांचं काम गेलं. सकाळी आदल्या दिवसाचाच प्रोग्राम द्यावा लागला, आणि वाळव्याकडच्या एका फडात दोन टोळ्या समोरासमोर उभ्या राहिल्या. "दादा, आता कुणी माघारी जायचं?" असा मुकादमाचा फोन आला. मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

पायथन वापरणाऱ्यांना कारण ठाऊक असेल. कंट्रोल-सी आलं की पायथन नुसती खूण करून ठेवतं, आणि पुढची पायथनची ओळ चालवताना काम थांबवतं. आपण सी लायब्ररीच्या पोटात अडकलो असू, तर ती पुढची ओळ येतच नाही.

आधी मी हे स्वतःच लिहायला गेलो. सिग्नल (प्रोग्रामला मिळणारी सूचना, कंट्रोल-सी त्यातलीच एक) आला की चालणारा हँडलर, जागेची खूण करणारं सेटजंप, त्या खुणेवर थेट उडी मारणारं लाँगजंप, सगळ्या मिळून साठ-सत्तर ओळी. पहिलं कंट्रोल-सी झकास चाललं. त्याच सेशनमध्ये दुसरं चाललं नाही. यात माझे दोन रविवार गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हँडलर चालू असेपर्यंत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तो सिग्नल अडवून धरतो आणि हँडलर परतला की मोकळा करतो. मी लाँगजंपने मधूनच बाहेर उडी मारत होतो, म्हणजे हँडलर कधी परततच नव्हता. लिनक्सवरचं साधं सेटजंप सिग्नलचा मास्कही (कोणते सिग्नल अडवलेत त्याची नोंद) जपून ठेवत नाही. लिनक्सच्या प्रोक फोल्डरमधली (चालू प्रोग्रामांची माहिती इथे असते) माझ्या प्रोग्रामची स्टेटस फाइल उघडली, तर अडवलेल्या सिग्नलांच्या ओळीत पंधरा शून्यं आणि शेवटी २. तो २ म्हणजेच माझं अडकलेलं कंट्रोल-सी. हे एकदा डोळ्यांनी बघाच, मग पुन्हा कधी विसरणार नाही.

मग सायसिग्नल्स घेतलं. सेजमॅथ या गणिताच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात वाढलेला हा कोड पुढे वेगळं पॅकेज म्हणून काढलेला आहे, एलजीपीएल या मुक्त परवान्याचा, फुकट. लायब्ररीचं फंक्शन बोलावण्याआधी सिग-ऑन, नंतर सिग-ऑफ, बस्स. मास्क पूर्ववत करायचं काम ते लिहिणाऱ्यांनी आठवणीने केलेलं आहे. मी लागोपाठ ५० वेळा कंट्रोल-सी दाबून बघितलं, पन्नासही वेळा चाललं. एवढं समाधान मला नव्या लॅपटॉपनेही दिलं नसतं. (जुनाच चालवतोय, आठ जीबीचा.) एक पथ्य मात्र कडक आहे: त्या दोन शब्दांच्या मध्ये पायथनच्या वस्तूंना हात लावायचा नाही.

डिसेंबरात लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी गुण दिले असते. जानेवारीत मत बदललं. थांबवल्यानंतर त्याच सेशनमध्ये पुन्हा गणित लावलं की कधीकधी प्रोग्राम कोसळायचा. सिग-ऑन आपल्याला लायब्ररीतून उचलून बाहेर टाकतं. त्या क्षणी जीएलपीके मेमरी मागत असेल, तर तिचा हिशोब अर्धवटच राहतो. मेमरी मागताना मध्येच थांबू न देणारं सिग-मॅलॉक दिलेलं आहे, पण ते आपल्या कोडपुरतं, लायब्ररीच्या आतल्या मागणीला त्याचा उपयोग नाही. शिवाय तोवर सापडलेलं चांगलं उत्तरही हाती लागत नाही, आणि मला तर तेच हवं होतं! हा दोष मी सायसिग्नल्सच्या माथी मारणार नाही, मीच ते चुकीच्या जागी लावलं होतं.

आता असं करतो. जीएलपीके शोध घेताना मधूनमधून आपलं एक फंक्शन बोलावतं. त्यात फक्त सिग-चेक (कंट्रोल-सी आलंय का ते तपासणारं) ठेवलंय. कंट्रोल-सी आलेलं असलं तर ते मला कळतं, आणि मी जीएलपीकेच्याच टर्मिनेट फंक्शनने त्याला थांबायला सांगतो. ते आवरून परत येतं, तोवरचं सर्वांत चांगलं उत्तर शाबूत. थांबायला पाच-सहा सेकंद लागतात, कारण हातातलं सिम्प्लेक्स (मोठ्या गणितातला एक टप्पा सोडवायची पद्धत) संपल्याशिवाय ते माझं फंक्शन बोलावत नाही. सुरुवातीच्या मोठ्या सिम्प्लेक्सला सिग-ऑनच ठेवलंय. तिथे थांबवलं तर सेशन बंद करून नव्याने सुरू करतो.

एका मित्राचं म्हणणं, सायसिग्नल्सची फाइल उचल, वरचा परवान्याचा मजकूर काढ आणि आपल्यात चिकटव. मी साफ नाही म्हटलं. ज्यांनी हे वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलं, त्यांचं नाव खोडायचं नाही. आणि व्यवहार म्हणून बघितलं तरी, पॅकेज म्हणून जोडलं की दुरुस्त्या आपोआप मिळतात. जीएलपीके जीपीएल परवान्याचं आहे, त्यामुळे रॅपर दुसऱ्या कारखान्याला दिलं तर सोर्सही द्यावा लागेल. देईन की.

मार्चमध्ये पहाटे साडेचारला लाइट गेली आणि इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली आहे. कंट्रोल-सी दाबलं, सहा सेकंद श्वास धरला, उत्तर फाइलमध्ये उतरलं. साडेपाचला प्रोग्राम शेतकी ऑफिसला पोचला होता.