फोटोइलेक्ट्रिक की कॉम्प्टन? प्रोजेक्ट निवडण्याआधी

पुण्यातल्या कॉलेजांत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला कुणीतरी हमखास विचारतं: प्रकाशाचं कणरूप दाखवायचंय, कोणता प्रयोग घेऊ? फोटोइलेक्ट्रिकमध्ये प्रकाश पाडून धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात; कॉम्प्टनमध्ये गॅमा किरण इलेक्ट्रॉनवर आपटून किती ऊर्जा गमावतात ते मोजतात. मी दोन्ही केलेत, म्हणून थोडं सांगतो.

दीड-दोन आठवडेच हातात असतील तर फोटोइलेक्ट्रिक घ्या, त्यात कमीपणा नाही. एका दुपारी रीडिंग होतात, आलेखाच्या चढावरून प्लांकचा स्थिरांक निघतो.

मला छळलं ते स्टॉपिंग पोटेन्शियलने, म्हणजे करंट थांबवणाऱ्या उलट्या व्होल्टेजने; आलेख त्याचाच काढायचा असतो. पुस्तकात करंट गुमान शून्यावर थांबतो. आमचा खाली उणे व्हायचा, कारण ॲनोडवरही (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकावरही) प्रकाशसंवेदी थर थोडा बसलेला असतो आणि उजेड त्यालाही सोडत नाही. मग शून्य मानायचं कुठे? मी एक बिंदू धरला, पार्टनरने दुसरा. एकाच डेटातून दोन स्थिरांक! जर्नलमध्ये कोणता लिहायचा यावरून आमचं दोन दिवस वाजलं. त्यात गुरुवारी वीज गेली. मर्क्युरी लॅम्प एकदा विझला की गार झाल्याशिवाय पेटत नाही, त्यामुळे चहाचे दोन राउंड झाले.

कॉम्प्टनला कष्ट जास्त, हे मान्य. सीझियमचा किरणोत्सारी स्रोत कुलपात, काढायला सही, आणि मोठ्या कोनाला काउंट्स इतके कमी की तासभर बसून राहावं लागतं. पण शून्य शोधत बसायचं नाही. सीझियमच्या गॅमा किरणांचं ६६२ केईव्हीचं (हे ऊर्जेचं एकक) शिखर ९० अंशांना २८८ च्या आसपास येतं, डोळ्यांदेखत. नुसती लाट इलेक्ट्रॉनवरून विखुरली असती तर ते जागचं हललंच नसतं. १९२३ मध्ये कॉम्प्टनने ग्राफाइटवर क्ष-किरण टाकून हेच पाहिलं: फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, संवेगही असतो.

व्हायवात एक प्रश्न येऊ शकतो. प्रकाश लाटच मानून, फक्त अणूला क्वांटम नियम लावले तरी फोटोइलेक्ट्रिकचा बराचसा भाग समजावता येतो; भौतिकशास्त्रज्ञ लॅम्ब आणि स्कली यांनी १९६९ मध्ये ते दाखवलं. परीक्षक तिथे अडवू शकतात. कॉम्प्टनमध्ये पळवाटा अगदीच नाहीत असं नाही, पण टक्कर म्हणून मांडलं की समोरच्याला पटतं, निदान माझ्या वेळी पटलं.

कॉम्प्टन घेतलाच तर डिटेक्टरचं कॅलिब्रेशन सकाळी करा आणि निघताना पुन्हा. एप्रिलच्या दुपारी डिटेक्टर तापला की शिखर थोडं घसरतं, आणि ते कॉम्प्टनमुळे नसतं.