ओटीपीचा मेल कोणाच्या हाती द्यावा? पोस्टमार्क, एसईएस, सेंडग्रिड, मेलगन आणि रीसेंड वापरल्यावरचं माझं मत

या पाचही सेवा तुमच्या ॲपच्या वतीने मेल पाठवून देतात. निकाल आधीच सांगते. पासवर्ड रीसेट, लॉगिनचा कोड, खात्याची पडताळणी, म्हणजे ज्या मेलची माणूस स्क्रीनसमोर बसून वाट बघतो, त्यांच्यासाठी पोस्टमार्क. पावत्या, महिन्याचे हिशेब, सूचना असे अर्धा तास उशिरा गेले तरी चालणारे मेल ॲमेझॉन एसईएसवरून. आणि पोस्टमार्क अडलं तर रीसेटचे मेल उचलायला मेलगन कायम तयार. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते त्याची सध्याची मांडणी ही अशी आहे. ‘मेल आलाच नाही’ ही तक्रार सपोर्टकडून फिरत फिरत शेवटी माझ्याकडेच येते, त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत.

या सेवांची तुलना करताना लोक सरासरी वेग सांगतात. त्या आकड्यावर माझा भरवसा नाही. शंभरांतले पंच्याण्णव मेल दोन सेकंदांत पोचले आणि उरलेल्या पाचांना वीस-वीस मिनिटं लागली, तरी सरासरी मिनिटभराचीच निघते. ऐकायला ठीक वाटतं. पण त्या पाच जणांच्या कोडची मुदत कधीच संपलेली असते आणि ते पाचही जण सपोर्टला लिहितात. म्हणून मी दोनच गोष्टी बघते. सगळ्यांत रखडलेले मेल किती रखडले? आणि एखाद्याचा मेल हरवला, तर त्या एका मेलचं काय झालं हे मला दोन मिनिटांत सापडतं का?

एक उदाहरण जवळून दाखवते. रीसेटची लिंक पंधरा मिनिटं चालते, आणि एका ग्राहकाचं म्हणणं होतं की मेल आला तेव्हा ती बंद पडली होती. मी त्याच्याकडून मेलचा मूळ मजकूर मागवला. त्याच्या हेडरमधल्या, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद असलेल्या भागातल्या, ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचायच्या असतात, कारण प्रत्येक सर्व्हर आपली नोंद वर चढवत जातो. आमच्या ॲपने मेल दिला १०:४२:०७ ला. सेवेच्या सर्व्हरची नोंद १०:४२:०८ ची. त्याच्या वरची ओळ गूगलच्या सर्व्हरची, वेळ १०:५८:३१. म्हणजे सोळा मिनिटांहून जास्त वेळ तो मेल सेवेच्या रांगेत पडून होता, आणि आमच्याकडे मात्र सेवेच्या एपीआयने (आमचं ॲप ज्यातून सेवेशी बोलतं तो दुवा) पहिल्याच सेकंदाला ‘स्वीकारला’ असं उत्तर दिलेलं. सेवेच्या लॉगमध्ये कारण सापडलं: ४२१ ४.७.२८. त्या आयपीवरून (पाठवणाऱ्या सर्व्हरच्या इंटरनेट पत्त्यावरून) नको असलेल्या मेलचं प्रमाण अचानक वाढलंय, सध्या थांबा, असं जीमेल सांगत होतं. तो आयपी शेअर्ड होता, म्हणजे अनेक ग्राहकांच्या मेलसाठी एकच. गोंधळ दुसऱ्याच कुणा ग्राहकाने घातला आणि रखडला आमचा मेल.

एसएमटीपीमध्ये, म्हणजे मेल सर्व्हर आपसांत ज्या भाषेत बोलतात तीत, ४ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे ‘नंतर या’ आणि ५ ने सुरू होणारं म्हणजे ‘येऊच नका’. ‘नंतर’ म्हणजे कधी, हे पाठवणाऱ्याने ठरवायचं. आरएफसी ५३२१ (एसएमटीपीचे नियम लिहिलेला दस्तऐवज) सांगतं की पुन्हा प्रयत्न करण्याआधी किमान तीस मिनिटं थांबा, आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नका. साध्या पत्रव्यवहाराला हे योग्यच आहे. दहा मिनिटांच्या कोडला त्याचा काही उपयोग नाही. सेंडग्रिड अडकलेल्या मेलसाठी ७२ तासांपर्यंत प्रयत्न करतं, म्हणजे कोड परवाही येऊ शकतो आणि वापरणाऱ्याला वाटतं की आपलं खातं कुणीतरी उघडायला बघतंय. एसईएसमध्ये यावर चांगला उपाय आहे. मेल किती सेकंदांपर्यंत पोचवायचा प्रयत्न करायचा, हे ३०० ते ५०,४०० च्या दरम्यान तुम्ही ठरवू शकता. ओटीपी एसईएसवरून पाठवत असाल तर ही सेटिंग आजच लावा.

पोस्टमार्क मला का आवडतं, याचं उत्तर या शेअर्ड आयपीच्या प्रश्नातच आहे. तिथे व्यवहाराचे मेल आणि घाऊक प्रचाराचे मेल वेगवेगळ्या प्रवाहांतून, वेगळ्या यंत्रणेवरून जातात. कुणाच्या सेल-ऑफरच्या लाटेत माझा रीसेट बुडत नाही. नवीन खातं माणूस तपासून मंजूर करतो. सुरुवातीला हे जाचक वाटतं, पण शेजारी कोण येणार याची ती चाळणी आहे, त्यामुळे मला ती हवीच आहे. जीमेल, आउटलुक, याहू अशा ठिकाणी इनबॉक्समध्ये पोचायला किती वेळ लागतोय, हे ते उघडपणे प्रसिद्ध करतात. स्वतःचा वेग चारचौघांत मोजून दाखवायला हिंमत लागते.

खरी बाजी मात्र ते मारतात लॉगमध्ये. मुळातच ४५ दिवसांचे मेल मजकुरासकट शोधता येतात. ग्राहकाचा पत्ता टाकला की कधी दिला, कधी गेला, समोरच्या सर्व्हरने शब्दशः काय उत्तर दिलं, सगळं एका पानावर. सपोर्टमधली मंडळी आता हे स्वतःच बघतात.

सेवांमधला फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतो तो बाउन्स झालेल्या, म्हणजे मेल परत आलेल्या, पत्त्याच्या बाबतीत. एखादा पत्ता एकदा कायमचा बाउन्स झाला की प्रत्येक सेवा तो आपल्या बंदीच्या यादीत टाकते. पुढे ती मेलपेटी पुन्हा चालू झाली तरी यादीतलं नाव तसंच राहतं. मग तो माणूस रीसेट मागतो तेव्हा काय होतं? पोस्टमार्क एपीआयच्या उत्तरातच ४०६ देतं, पत्ता निष्क्रिय आहे म्हणून. आम्ही लगेच स्क्रीनवर सांगू शकतो की या पत्त्यावर मेल जात नाहीये, दुसरा द्या. एसईएस मेल स्वीकारतं, पाठवत नाही, आणि नंतर बाउन्सची घटना कळवतं. सेंडग्रिड वेबहुकवर, म्हणजे तुमच्या सर्व्हरला आपणहून पाठवलेल्या निरोपात, ‘ड्रॉप्ड’ म्हणतं, मेलगन ६०५ चा कोड लावून अपयशाची नोंद देतं. या तिन्ही ठिकाणी घटना ऐकणारं काही तुम्ही लिहिलेलं नसेल, तर वापरणारा ‘मेल पाठवला आहे’ असं वाचून वाटच बघत बसतो. ‘मेल आला नाही’च्या तक्रारींचा उलगडा मी शोधते तेव्हा पहिला संशय याच यादीवर घेते.

पोस्टमार्कची अडचण दराची. मेलची संख्या वाढली की बिल डोळ्यांत भरतं. २०२२ मध्ये ॲक्टिव्हकॅम्पेनने ते विकत घेतलं तेव्हा मला धास्ती होती, कारण प्रचाराच्या मेलवर चालणाऱ्या कंपनीच्या हाती हे गेलं होतं. अजून तरी दर्जा घसरलेला मला दिसला नाही.

एसईएस २०११ पासून आहे आणि दराच्या बाबतीत त्याच्या आसपास कुणी फिरकत नाही. वेगही उत्तम. पण ते इंजिन देतं, गाडी तुम्ही बांधायची. मेलनिहाय लॉग आपोआप मिळत नाही. कॉन्फिगरेशन सेट (मेलच्या घटना कुठे कळवायच्या याची मांडणी) बनवा, घटना एसएनएस किंवा फायरहोज या ॲमेझॉनच्याच सेवांकडे वळवा, कुठेतरी साठवा, शोधायचं पान स्वतः लिहा. नवीन खातं सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या कुंपणात, असतं: २४ तासांत २०० मेल, तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांवर. बाहेर पडण्यासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून लाँचच्या आदल्या दिवशी खातं उघडू नका. आणि मर्यादा कडक आहेत. बाउन्स ५ टक्क्यांवर गेले की खातं निरीक्षणाखाली येतं, १० टक्क्यांवर पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. मेल घेणाऱ्यांनी ‘स्पॅम’ म्हणून केलेल्या तक्रारींसाठी हेच आकडे ०.१ आणि ०.५ टक्के. तुमच्या नोंदणीच्या फॉर्मवर बॉट येऊन खोटे पत्ते भरायला लागले तर हे ५ टक्के सहज ओलांडले जातात. फॉर्मवर अटकाव घालणं हाही मेल पोचवण्याचाच भाग धरा.

सेंडग्रिड आणि मेलगन दोन्ही जुनी, भरभक्कम नावं. सेंडग्रिड २०१९ पासून ट्विलिओकडे, मेलगन २०२१ पासून सिंचकडे. सेंडग्रिडमध्ये प्रचार आणि व्यवहार दोन्ही एकाच जागी सांभाळता येतात, ज्यांची मार्केटिंगची टीम मोठी आहे त्यांना ते सोयीचं. हालचालींचा इतिहास मूळ योजनेत थोड्याच दिवसांचा दिसतो, ३० दिवसांसाठी जास्त पैसे. महिन्याने येणाऱ्या तक्रारी मला सोडवाव्या लागतात, त्यामुळे मला ते पुरत नाही. मेलगनच्या घटनांच्या नोंदी जास्त तपशीलवार आहेत, आणि येणारे मेल ॲपकडे वळवण्याची त्यांची सोय मला मनापासून आवडते.

रीसेंड २०२३ चं. एपीआय इतका स्वच्छ की सकाळी सुरू करा, दुपारी मेल जायला लागतील. एकच विनंती दोनदा गेली तरी मेल एकदाच जावा यासाठीची किल्ली ते देतात, ती फार कामाची आहे. पण डोमेन जोडताना ते ज्या डीएनएस नोंदी (डोमेनच्या सार्वजनिक नोंदी) करायला सांगतात त्या नीट बघा: त्यांत ॲमेझॉन एसईएसचंच नाव असतं. खाली वाहणारी नदी तीच. रीसेंड वाईट ठरत नाही त्यामुळे, पण एसईएसला पर्याय म्हणून रीसेंड ठेवलं तर दोन बिलं येतील आणि आधार एकच राहील. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या यूएस-ईस्ट-१ या डेटासेंटरांच्या विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेस-सेवेच्या डीएनएसमुळे मोठा खोळंबा झाला होता. तशा दिवशी हा फरक कळतो.

कोणतीही सेवा घ्या, दोन गोष्टी तुम्हालाच कराव्या लागतील. रीसेटच्या मेलमधलं क्लिक ट्रॅकिंग (लिंक कोणी दाबली हे मोजणं) बंद करा. लिंक परक्या डोमेनवरून फिरून जाते, संशयास्पद दिसते आणि वेळही खाते. दुसरं, ‘कोड पुन्हा पाठवा’ दाबल्यावर जुना कोड रद्द करू नका, मुदत संपेपर्यंत तोच पुन्हा पाठवा. काही कंपन्यांचे सर्व्हर ग्रेलिस्टिंग करतात, म्हणजे आयपी, प्रेषक आणि घेणाऱ्याचा पत्ता हे अनोळखी त्रिकूट पहिल्यांदा दिसलं की ४५१ सांगून परत पाठवतात. सेवेने पुढचा प्रयत्न वेगळ्या आयपीवरून केला तर तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशात वापरणारा तीनदा बटण दाबतो, तीन मेल उलटसुलट क्रमाने येतात, आणि त्यातला नेमका कोणता कोड चालतो हे त्याला कळायला मार्गच नसतो.

राहिला पर्यायी सेवेचा प्रश्न. एकाच डोमेनवर दोन सेवांच्या डीकेआयएमच्या (मेलवरच्या डिजिटल सहीच्या) नोंदी सुखाने नांदतात, फक्त सिलेक्टर, म्हणजे त्या नोंदींची नावं, वेगळे हवेत. रिटर्न-पाथसाठी (बाउन्स परत येण्याच्या पत्त्यासाठी) प्रत्येकीला वेगळा सबडोमेन दिला की एसपीएफची, म्हणजे डोमेनच्या नावे कोण मेल पाठवू शकतं त्या यादीची, १० डीएनएस-शोधांची मर्यादाही आड येत नाही. मेलगनवरून आम्ही रोजच थोडे रीसेट पाठवतो, कारण जिथून कधीच मेल गेलेले नाहीत तिथून अचानक लोंढा सुटला की घेणारे सर्व्हर बिचकतात. शिवाय जीमेल, आउटलुक आणि याहूवर आमच्या स्वतःच्या मेलपेट्या आहेत. दर काही मिनिटांनी तिथे खराखुरा रीसेटचा मेल जातो आणि एक छोटी स्क्रिप्ट पेटी उघडून तो इनबॉक्समध्ये आला की स्पॅममध्ये, आणि किती वेळात, हे नोंदवते. सेवेच्या डॅशबोर्डवरचं ‘डिलिव्हर्ड’ म्हणजे समोरच्या सर्व्हरने २५० (‘स्वीकारला’) म्हटलं एवढंच, इनबॉक्सची खात्री त्यात नसते. दोन मिनिटांत मेल दिसला नाही की नवे रीसेट मेलगनकडे वळतात आणि त्या वेळी ड्युटीवर असलेल्याचा फोन वाजतो.