पटकी की रक्ती आव? आतड्यात दोन्हींची चाल वेगळी

जुलैत गावविहिरीत गढूळ पाणी उतरलं की पटकी (कॉलरा) आणि रक्ती आव, दोन्ही येतात.

पटकीचा जंतू आतड्याच्या पेशीत शिरतच नाही. वर चिकटून विष सोडतो; कोलकात्याचे संशोधक शंभुनाथ डे यांनी ते 1959 मध्ये दाखवलं. विषामुळे पेशी क्लोराइड आणि पाणी बाहेर ओततात. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे, पोटात मुरडा फारसा नाही. आतड्याचं अस्तर शाबूत राहतं, म्हणून साखर-मीठ शोषलं जातं आणि ओआरएस, म्हणजे पुडीतल्या साखर-मिठाचं पाणी, लागू पडतं.

रक्ती आवेचा जंतू ‘शिगेला’ मात्र घुसखोर. दहा ते शंभर जंतूही पुरतात, पोटातलं आम्ल त्याला फारसं मारत नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या एम-पेशी आतड्यातले कण आत घेतात, त्यांच्यातून तो आत जातो. तिथं टपलेली मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी संरक्षक पेशी, त्याला गिळते, पण तोच तिला फोडतो. फुटताना ती धोक्याचे रेणू सोडते. मग रक्तातून न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) धावत येतात आणि पेशींमधून वाट काढताना अस्तराचे सांधे सैल करतात; त्याच फटींतून आणखी जंतू शिरतात. म्हणून रक्त, शेंबडासारखी आव, ताप, मुरडा. जुलाब थोडाथोडा, पण वारंवार.

पटकीत ओआरएसला उशीर झाला तर काही तासांत जीव जाऊ शकतो: गंजात 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, 1 लिटरची एक पूर्ण पुडी, अर्धी कधीच नाही. आवेत ओआरएस द्याच, पण रक्त दिसताच आरोग्य केंद्र गाठा, अँटिबायोटिक लागतं. जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका, जंतू आतच कोंडतात.