पहिला डांलादी की रॉबिन्सन? २०१७ चा सुपरड्राफ्ट

एमएलएस ही अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक फुटबॉल लीग, आणि सुपरड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडण्याची पद्धत. २०१७ च्या सुपरड्राफ्टमध्ये पहिल्या दोन निवडी लीगमध्ये नव्याने आलेल्या संघांच्या हातात होत्या. मिनेसोटाने यूसीएलएचा आघाडीपटू अबू डांलादी उचलला, तर अटलांटाने सिरॅक्यूजचा बचावपटू माइल्स रॉबिन्सन. दोघेही जनरेशन आदिदास या निवडक तरुण खेळाडूंसाठीच्या लीगच्या करारावर, म्हणजे त्यांचा पगार संघाच्या पगारमर्यादेत धरायचा नाही. पैशांचा प्रश्न मिटला, उरली फक्त पारख.

डांलादीचा वेग पाहताक्षणी नजरेत भरायचा. पण कॉलेजात त्याला दुखापतींनी सतावलं होतं, आणि माझ्या मते तिथेच थांबून विचार करायला हवा होता. शिवाय कॉलेज फुटबॉलमध्ये बदली होऊन बाहेर गेलेला खेळाडू त्याच सामन्यात पुन्हा मैदानात येऊ शकतो. आघाडीपटू दम खाऊन परततो आणि थकलेल्या बचावावर तुटून पडतो. व्यावसायिक सामन्यात ही सोय नाही. त्यामुळे कॉलेजातले गोल मोजताना हात जरा आखडता घ्यावा. तरी पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये ८ गोल केले, हे मान्य करायलाच हवं.

रॉबिन्सन पहिली दोन वर्षं बहुतेक बाकावरच होता. २०१९ मध्ये जागा पक्की झाली आणि त्याच वर्षी तो लीगच्या सर्वोत्तम अकरात आला. २०२१ च्या गोल्ड कप अंतिम सामन्यात मेक्सिकोविरुद्ध ११७ व्या मिनिटाला त्याच्याच हेडरने अमेरिका जिंकली.

तातडीने गोल हवे असतील तर डांलादी. मी मात्र रॉबिन्सनच घेतला असता. उडी, वेग आणि एकास एक झुंज हे गुण कॉलेजातून वर जाताना फारसे झिजत नाहीत.