आडदांड फ्लॉवरहॉर्न: ठेवायचा की द्यायचा?

टँकमधला फ्लॉवरहॉर्न मासा वीतभर झाला, सोबतच्या ऑस्कर माशाच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या आणि 'याचं काय करायचं ठरवलंस?' असं घरचे जेवताना विचारू लागले, की दोनच वाटा उरतात. ठेवा, नाहीतर चांगलं घर बघून द्या. मी आधी बरीच वर्षं ठेवला आणि मग दिला, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते वेगळं सांगायला नको. तरी तुमच्या घरचं गणित उलटं पडू शकतं. टँक, फिल्टर, खाणं यांची प्राथमिक माहिती तुम्हाला आहे असं धरून चालतो.

ठेवण्याची बाजू वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. हा मासा नदीतून आलेला नाही. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड माशांच्या संकरातून तो 1990 च्या दशकात मलेशियात तयार झाला, आणि पुढे डोकं (म्हणजे कपाळावरचा फुगवटा), रंग आणि आक्रमकपणा बघून निवडत नेला गेला. म्हणजे ज्याची आपण तक्रार करतो तो गुण त्याच्यात मुद्दाम जोपासलेला आहे. त्याला सोबत लागत नाही. एकटा ठेवला की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. शिवाय तो माणूस ओळखतो. मी समोर आलो की काचेशी यायचा, बोटामागे फिरायचा, पाहुणा आला की कल्ले फुगवायचा. निऑनसारख्या चिमुकल्या माशांच्या थव्यात ही मजा नाही. मादी असेल तर अंडी घातल्यावर काही दिवस ती जास्तच चवताळते, नर नसला तरी. तेवढ्यावरून तिला बाहेर काढायचं ठरवू नका.

बरेच जण मधला मार्ग म्हणून पार्टिशन घालतात. मला तो फारसा पटला नाही. पारदर्शक असेल तर दोघे दिवसभर त्याच्यावर धडका मारतात, आणि चार फुटी टँकचे दोन फुटी दोन होतात ते वेगळंच. घालायचंच तर अपारदर्शक घाला. मोठा टँक हा खरा उपाय, पण सहा बाय दोन बाय दोनमध्ये नुसतं पाणीच पावणेसातशे किलोच्या आसपास भरतं. जुन्या इमारतीत राहत असाल तर आधी स्लॅब कसा आहे ते विचारा, मग हौस.

माझं अडलं ते मात्र जागेवर नाही, पाणी बदलण्यावर.

हा मासा भरपूर खातो आणि तेवढीच घाण करतो. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात, पण साठलेलं नायट्रेट घालवायला आपल्यासारख्यांकडे पाणी बदलण्यावाचून सोपा उपाय नाही. म्हणजे दर आठवड्याला टँकमध्ये हात आला. त्याच्या लेखी टँक त्याचा, आणि माझा हात घुसखोर. सायफनची नळी आत गेली की तो तिच्या तोंडाला धरून ओढायचा. नळी सोडली की मनगटावर यायचा. दात बारीक असतात, पण कातडी सोलून निघते आणि चांगलं रक्त येतं. मग डाव्या हातात जाळी ढालीसारखी धरायची, उजव्या हाताने तळ साफ करायचा, आणि बादली भरली की कुणालातरी हाक मारायची. हे सगळं सकाळी नगरपालिकेचं पाणी असेपर्यंत, कारण पिंप भरून, त्या पाण्यातलं क्लोरीन घालवून, पुन्हा टँक भरायचा असतो. तेवढ्यात साहेबांनी खडी उकरून एका कोपऱ्यात ढीग केलेला, हीटर उपटून आडवा पाडलेला. हीटरचं बटण बंद केल्याशिवाय पाणी उतरवू नका, हे जाता जाता.

मला स्वतःला याचा राग नव्हता, थोडी गंमतच वाटायची. पण कामासाठी बाहेरगावी राहणं वाढलं आणि घरी आई एकटी. ती त्याला वेळेवर पेलेट टाकायची, त्याच्याशी बोलायचीसुद्धा. पण तिला रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू. तिने त्या टँकमध्ये हात घालावा असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? माशांची सवय असलेला एक ओळखीचा मुलगा येऊन बघून गेला आणि पहिल्याच चाव्यानंतर 'दादा, जमणार नाही' म्हणाला. चार दिवस गावाला जायचं असेल तर अडचण नाही. एवढा मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, उलट शेजाऱ्याने प्रेमाने मूठभर खाणं टाकलं तरच पाणी सडतं. महिना-महिना बाहेर राहायचं असेल तर मात्र निभत नाही. म्हणून कुणी विचारलं की मी टँकच्या मापाआधी एवढंच विचारतो, तुमच्याशिवाय घरात आणखी कोण आत हात घालू शकतं? कुणी असेल तर ठेवायला माझी हरकत नाही.

आता देण्याकडे. दुकानदार बहुधा घेतो, पैसे क्वचितच देतो, फार तर खाण्याची दोन पाकिटं. त्यात गैर काही नाही, त्याचा तो धंदा आहे. पण तिथे मासा दोन फुटी खोक्यात राहतो आणि शेजारच्या खोक्यात दुसरा नर, म्हणजे दिवसभर काचेवर शड्डू ठोकणं चालू. पुढचं गिऱ्हाईक बऱ्याचदा 'डोकं मोठं म्हणजे लक्ष्मी येते' म्हणणारं असतं, आणि मासा गल्ल्याशेजारच्या शोभेच्या टाकीत जाऊन पडतो. मला ते नको होतं, म्हणून हौशी माणूस शोधला. त्यात वेळ जातो आणि डोकं उठतं, हे मान्य.

कुणाला द्यायचा हे ओळखायला मला प्रश्नांचा उपयोग झाला. चालू टँकचा फोटो मागायचा, दुकानात ठरवून ठेवलेल्या टँकचा नाही. फिल्टर किती आठवडे सुरू आहे, आत आधीपासून कोण आहे, पाणी कोण बदलतं. पहिल्याच वाक्यात डोक्याची साइज आणि किंमत विचारणाऱ्यांना मी गोड बोलून टाळलं. 'काय खातो, कशाला बिचकतो' असं विचारणाऱ्याला दिला. थोडे पैसे घेतले, कारण फुकटची वस्तू न्यायला कुणीही येतं. यावर मतभेद असू शकतात.

तिसरी वाट मी धरत नाही. तळ्यात, विहिरीत, धरणात सोडणं म्हणजे माशाला मोकळं करणं नव्हे. आपलं पाणी त्याला उबदारच वाटेल, आणि गेला तर तिथले मासे खाऊन जगेल. इंडोनेशियातल्या मातानो सरोवरात फ्लॉवरहॉर्नने तिथल्या खास स्थानिक माशांवर संक्रांत आणली आहे. 2023 मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात ॲलिगेटर गार हा मासा सापडला, तो काही पोहत अमेरिकेहून आला नव्हता. उजनी धरणात चिलापी (तिलापिया, तोही बाहेरचाच मासा) किती माजला ते मच्छीमारांना विचारा.

हे सगळं फ्लॉवरहॉर्नपुरतं. ऑस्कर असता तर मी बहुधा ठेवला असता, तो मोठा असला तरी हाताला सरावतो. रेडटेल कॅटफिशचा विचारच वेगळा, तीन इंचाचं गोजिरवाणं पिल्लू मीटरभर होतं, तेव्हा त्याला घेणारं घर तो लहान असतानाच शोधा. पाकूचंही तेच. बाजारात रूपचंद म्हणून विकला जातो तो पाकूच, हे माहीत झाल्यावर आमच्या एका मित्राने त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहायला सुरुवात केली होती.

द्यायचं ठरलं तर दोन दिवस आधी खाणं बंद करा, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. जाड पिशव्या दोन, एकात एक, कारण परांचे काटे पातळ पिशवी फाडतात. पाणी एक तृतीयांश, बाकी ऑक्सिजन. जवळ जायचं असेल तर झाकणाची बादली आणि बॅटरीवरचा एअर पंप पुरतो. जुन्या फिल्टरचा एक स्पंज ओलाच सोबत द्या, त्यातले जिवाणू नव्या घरी फार उपयोगी पडतात. तिकडे गेल्यावर मासा फिका पडतो, कोपऱ्यात बसतो, काही दिवस खात नाही, डोकंही थोडं उतरल्यासारखं वाटतं. घेणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्याचे रात्री फोन येतात. आणि शक्यतो ऐन थंडीत देऊ नका, फेब्रुवारी उलटू द्या.