जॉयकॉनच्या ड्रिफ्टवर गुलिकिटच्या हॉल स्टिक: घ्याव्यात का?

पहिलंच सांगून टाकतो, निन्टेंडोच्या स्विच या गेमिंग कन्सोलच्या जॉयकॉनला, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या छोट्या कंट्रोलरला, ड्रिफ्ट आला की बरेच जण सरळ नवीन जोडी मागवतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण नवीन जोडीच्या आत पण स्टिक (अंगठ्याने फिरवायची ती छोटी काठी) त्याच जातीची असते, म्हणजे पैसे गेले आणि दुखणं जागच्या जागी. मी माझ्या जॉयकॉनमध्ये दोन्ही बाजूंना गुलिकिट कंपनीच्या हॉल इफेक्ट, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या, स्टिक बसवून घेतल्यात, घरच्या घरी, स्वतःच्या हाताने, आणि बरेच महिने त्याच वापरतोय, तर हा त्याचा रिव्ह्यू.

ज्यांच्यावर अजून वेळ आली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रिफ्ट म्हणजे अंगठा उचलला तरी गेममधला माणूस एकीकडे चालत सुटतो, मेनूत कर्सर आपला आपण खाली घसरतो, कॅमेरा हळूहळू आभाळाकडे वळतो. स्टिकच्या आत कार्बनचे बारीक पट्टे असतात आणि त्यावर धातूची टोकं घासत फिरतात, टोक कुठे आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं आणि कन्सोलला कळतं की स्टिक किती वळलीय. आता घासतंय म्हटल्यावर झिजणार, आणि सगळ्यात जास्त झिजतं मधल्या जागेच्या आसपास कारण स्टिक सारखी तिथूनच ये-जा करते. कार्बन खरवडला गेला, त्याची पूड तिथेच साचली, की स्टिक सरळ उभी असून पण कन्सोलला वाटतं कोणीतरी ढकलतंय. मोठ्या कंट्रोलरमध्ये पण हेच तत्त्व आहे पण जॉयकॉनची स्टिक इतकी चपटी आणि छोटी की आत जागाच नाही.

हे काही दोनचार लोकांचं रडगाणं नाहीये हो. स्विच मार्च २०१७ ला आला, जुलै २०१९ ला अमेरिकेत कंपनीवर ग्राहकांनी एकत्रित दावा लावला, नंतर त्यात स्विच लाइट (छोटा, कंट्रोलर वेगळे न होणारा स्विच) पण जोडला गेला, जून २०२० मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांसमोर त्रासाबद्दल माफी मागितली, आणि जानेवारी २०२१ मध्ये युरोपातल्या ग्राहक संघटनांनी मिळून जवळपास २५,००० तक्रारी युरोपियन कमिशनपुढे ठेवल्या. तिकडे निदान फुकट दुरुस्ती तरी मिळाली, अमेरिकेत मिळाली, २०२३ पासून युरोपात वॉरंटी संपल्यावर पण मिळते. आपल्याकडे मुळात स्विच अधिकृतपणे विकलाच गेला नाही. हिरा पन्नातून घ्या, लॅमिंग्टन रोडवरून घ्या, नाहीतर दुबईहून येणाऱ्या काकांना सांगा, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दापुरती. म्हणून हा विषय इथल्या माणसासाठी जास्त महत्त्वाचा आहे असं मला मनापासून वाटतं, आपली दुरुस्ती आपल्यालाच जमायला पाहिजे.

हॉल इफेक्ट स्टिकमध्ये घासायला काही ठेवलेलंच नाही. स्टिकच्या बुडाशी चुंबक, खाली सेन्सर, चुंबक हलला की सेन्सरला चुंबकीय क्षेत्र बदललेलं कळतं, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. तत्त्व एडविन हॉल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ ला शोधलेलं. गेमिंगमध्ये पण जुनंच आहे, सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ लाच हॉल सेन्सर होते! म्हणजे उपाय पंचवीस वर्षांपासून माहितीय आणि तरी जून २०२५ ला आलेल्या स्विच २ मध्ये पण हॉल स्टिक नाहीत, हे कंपनीनेच सांगितलंय. मला याचा खरंच राग येतो.

आता बसवण्याबद्दल, कारण घेणाऱ्यांची भीती इथेच असते. सोल्डरिंग नाही, हे आधी लक्षात घ्या. जॉयकॉनच्या पाठीवर चार स्क्रू, त्यांना तीन पात्यांची वाय आकाराची खाच असते, साधा स्टार स्क्रूड्रायव्हर घालायचा प्रयत्न सुद्धा करू नका, डोकं स्लिप झालं की तो स्क्रू मग काही केल्या निघत नाही. स्टिकच्या पाकिटात स्क्रूड्रायव्हर आलेले पण मी वेगळा चांगल्या पोलादाचा घेतला आणि तुम्हालाही तेच सांगेन, दाब देऊन फिरवायचं, आधी दाब मग फिरवणं. मागचं झाकण निघालं की झटक्यात ओढू नका, पुस्तकासारखं उघडायचं कारण दोन भागांना जोडणाऱ्या नाजूक रिबन केबल आत असतात. मग बॅटरी, ती हलक्या गोंदाने चिकटवलेली असते, प्लास्टिकच्या पट्टीने हळू उचलायची, धातूचं काही खुपसायचं नाही, आणि तिची पिन आधी सोडवायची म्हणजे बाकी काम बिनधास्त. त्याखाली प्लास्टिकची मधली चौकट, तीन स्क्रू, तिच्यासोबत ट्रिगरची रिबन, आणि त्याखाली आपली स्टिक, दोन स्क्रू आणि एक रिबन.

सगळी गंमत त्या रिबनमध्ये आहे. रिबन जिथे घुसते तिथे नखाच्या टोकाएवढी एक दांडी असते, ती उभी केली की रिबन अलगद सुटते. ओढून नाही काढायची, दांडी उभी करून काढायची. परत घालताना चिमट्याने रिबन सरळ आत सरकवायची, तिरकी बसली तर स्टिक एकाच दिशेने चालते आणि माणूस समजतो की पार्टच खराब आलाय. दांडी खाली पाडली की जेमतेम ऐकू येईल असा टक आवाज होतो. स्टिकभोवती एक रबरी गोल असतो तो जुन्या स्टिकला चिकटून जातो, तो सोडवून नव्या स्टिकवर चढवा, राहिला तर फटीतून धूळ आत जायला रस्ता मोकळा. स्क्रू कागदावर जॉयकॉनचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवले तर परत बसवताना शोधाशोध होत नाही. डावी बाजू आधी घ्या, चालायचं काम तिच्याकडे म्हणून तीच जास्त वापरली जाते.

झाकण लावलं म्हणजे झालं असं नाही. सिस्टीम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, तिथे कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स, हे केल्याशिवाय खेळायला बसू नका. नवीन सेन्सरचा मध्य आणि जुन्याचा मध्य एकच असेल असं नाही, जॉयकॉनच्या डोक्यात अजून जुनाच आकडा असतो. कॅलिब्रेशन केल्यावर स्टिक गोल फिरवून बघा, कडेपर्यंत सगळीकडे पोचते का, आणि झटकन सोडून बघा, स्क्रीनवरचा ठिपका मधे येऊन थांबतो का. माझ्या दोन्हीकडे एकदम गप्प उभा राहिला.

हाताला कशी लागते? मूळ स्टिकपेक्षा स्प्रिंग जरा कडक वाटते, पहिले काही दिवस अंगठ्याला जाणवतं, मग तीच आवडायला लागते कारण सोडली की टणकन मधे येते. हळू चालणं आणि पळणं यातला फरक छान पकडते, नेम धरायच्या गेममध्ये तर मला स्पष्ट सुधारणा वाटली. बॅटरीत काही फरक पडलेला मला जाणवला नाही. नावं ठेवायची तर स्टिकच्या टोपीचं रबर मला तेवढं आवडलं नाही, घामट हाताला थोडं गुळगुळीत लागतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हात घामट असतातच. शिवाय हॉल म्हणजे अमरपट्टा असं समजू नका, स्टिक दाबून होणारं बटण, स्प्रिंग, वरचं रबर हे सगळं झिजणारंच आहे, फक्त ड्रिफ्टचं मूळ कारण गेलं. आणि चुंबकावर चालणारी वस्तू आहे तर जोरदार चुंबक असलेलं कव्हर किंवा स्टँड तिच्या अगदी जवळ नको.

बाकीच्या उपायांबद्दल लोक सारखे विचारतात म्हणून. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल रबराच्या खाली मारून स्टिक फिरवली तर पूड निघते आणि काही दिवस बरं वाटतं, पण झिजलेला कार्बन स्प्रेने परत येत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत काय किंवा कुठेही काय, रिपेअरवाला नुसता स्प्रे मारून देणार असेल तर आधी विचारून घ्या की पार्ट बदलणार का. २०२१ मध्ये यूट्यूबवर एकाने जॉयकॉनच्या आत स्टिकच्या पाठीमागे कागदाचा जाडसर तुकडा ठेवून दाब द्यायचा उपाय दाखवला होता, तो खूप जणांना लागू पडला, म्हणजे टोकं आणि कार्बन यांच्यातला संपर्क सैल होणं हे पण एक कारण असणार. फुकटात होतो, करून बघायला हरकत नाही, पण एवढं उघडलंच आहे तर मग स्टिकच बदला की!

किमतीचं म्हणाल तर नव्या जोडीच्या निम्म्याहून कमीत दोन स्टिक येतात. कॉपी माल भरपूर आहे, विकणाऱ्याचे फोटो आणि जुने रिव्ह्यू बघून घ्या.

लाइटवाल्यांनो, स्टिक हीच चालते पण तुमचं काम जास्त आहे, जॉयकॉन वेगळी होत नाही म्हणून अख्खा कन्सोल उघडायचा आणि आतलं धातूचं शील्ड काढायचं. जॉयकॉनवर हात बसलेला नसेल तर हे एखाद्या जाणकाराकडून करून घ्या, पार्ट आपला नेऊन द्यायचा. आणि स्टीम डेक (वॉल्व कंपनीचा हातात धरून खेळायचा कन्सोल) असेल तर आधी सेटिंग्जमधला डेडझोन बघा, म्हणजे मधली जेवढी हालचाल मोजायचीच नाही ती जागा, २०२२ ला डेक नवीन होता तेव्हा बऱ्याच जणांना दिसलेला ड्रिफ्ट हा फर्मवेअरच्या (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधला डेडझोनचा घोळ निघाला आणि वॉल्वने तो पुढच्या अपडेटने मिटवला, कोणाला स्क्रू फिरवायची वेळच आली नाही. तरी बदलायचीच असेल तर गुलिकिटच्या स्टिक डेकसाठी पण मिळतात, फक्त एलसीडी डेकमध्ये दोन वेगळ्या प्रकारच्या स्टिक आहेत आणि ओएलईडीची आणखी वेगळी, आपली कुठली ते बघूनच मागवा, आणि उघडायच्या आधी मेमरी कार्ड काढा, नाहीतर झाकण ओढताना कार्डाचे दोन तुकडे होतात.