आठ महिने, एक पेडल आणि ती घुर्रर्र

या गिटार पेडलला आधी पाचपैकी दोन स्टार दिले होते, आज साडेतीन करतोय. त्यातला अर्धा वायरमनचा आहे.

साडेअकरा हजारांचं हे मॉडेलिंग पेडल (वेगवेगळ्या अँपच्या आवाजाची नक्कल करणारं) घेतलं ते एकाच हावेपायी. एसी/डीसी या रॉक बँडच्या 'बॅक इन ब्लॅक' गाण्यातल्या गिटारचा टोन घरात हवा होता, तोही हेडफोनवर, खालच्या काकूंची दुपारची झोप न मोडता. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते उगाळत नाही. गिटार म्हणजे माझी जुनी गिब्सन एसजीची नक्कल, दोन हंबकरवाली (तारांचा आवाज उचलणारे पिकअप).

पहिला महिना वाया गेला. कंपनीचा तयार प्रीसेट म्हणजे गेनचा, म्हणजे आवाज फाटका करणाऱ्या नॉबचा, नुसता चिखल. त्याच नावाचा अल्बम 1980 चा, बहामाजमधल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत केलेला. तिथे मार्शल अँप दणकून वाजत होते. आपल्याला आवाज वाढवता येत नाही, म्हणून आपण गेन वाढवतो, आणि तिथेच फसतो. बँडचे दोन गिटारवादक म्हणजे माल्कम आणि अँगस यंग हे भाऊ. माल्कमची ग्रेच गिटार तर जवळजवळ स्वच्छ वाजते, जोर सगळा जाड तारांचा आणि उजव्या हाताचा. गेन आठवरून साडेतीनवर आणला, मिड (मधले सूर) वाढवला, तोच भाग दोनदा वाजवून रेकॉर्ड केला आणि एकेका कानात सोडला. एका बाजूला एक भाऊ, दुसऱ्या बाजूला दुसरा. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू! (एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकू नका, काही होत नाही.)

अँगसच्या टोनमध्ये शॅफर-व्हेगा या वायरलेसचाही (केबलऐवजी गिटारला लावायच्या यंत्राचा) हात आहे. त्याचा ट्रान्समीटर सिग्नल दाबतो, रिसीव्हर तो पुन्हा फुलवतो, आणि या खटाटोपात आवाजाला जी धार येते ती त्याने स्टुडिओतही वापरली. त्याची नक्कल करणारी वेगळी पेडल मिळतात, पण माझा खिसा तेवढा खोल नाही. पेडलमध्येच अँपच्या आधी हलका कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारा) आणि क्लीन बूस्ट (सिग्नल नुसता वाढवणारा) लावला. माझ्या कानांना चालतं.

आता मूळ दुखणं. घुर्रर्र. गाणं दुसरं असतं तर खपलं असतं. पण या रिफमध्ये, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात, इ, डी, ए असे तीन कॉर्ड जितके महत्त्वाचे, तितकीच त्यांच्यामधली शांतता. त्या शांततेत माझ्याकडे जुना फ्रिज चालू! नॉइज गेट (बारीक आवाज बंद करणारा) लावला, तर कॉर्डची शेपटीच कापली जायची. वर गिटारच्या तारांना हात लागला की झिणझिण्या.

सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या, डोंबिवली ते दादर, भर गर्दीत गिटार खांद्याला. पहिल्यांदा 'असं वाजतंच', दुसऱ्यांदा 'अडॅप्टर वॉरंटीत येत नाही', तिसऱ्यांदा पेडल नऊ दिवस ठेवून घेतलं आणि 'नो फॉल्ट' लिहून परत दिलं. त्या रात्री दोन स्टार दिले, आणि बरंच काही लिहिलं जे नंतर पुसलं.

मग एकदा पेडल यूएसबीने लॅपटॉपला जोडून रेकॉर्डिंग चालू असताना चुकून लॅपटॉपच्या चार्जरची पिन निघाली, आणि घुर्रर्र गायब. पिन लावली, हजर. वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, टेस्टर फिरवला आणि हसलाच: "साहेब, अर्थिंगच नाहीये." तीन भोकांपैकी वरचं नुसतं शोभेचं! चार्जरचा गळका करंट जमिनीत जायला वाट नाही, म्हणून यूएसबीतून पेडलमध्ये आणि तिथून तारांवर. साडेसहाशे रुपयांत त्याने मीटरपासून माझ्या खोलीपर्यंत एक हिरवी वायर ओढली.

म्हणजे पेडल निर्दोष. तरी उरलेला दीड स्टार देणार नाही. तीन फेऱ्यांत एकाने तरी विचारायचं, की घरी अर्थिंग आहे का, लॅपटॉप जोडलाय का!

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, अख्ख्या बिल्डिंगचं अर्थिंग तपासा म्हणून. सेक्रेटरी म्हणाले, "इतकी वर्षं चाललंय ना? गिटारच बंद करा की."